प्रवेशपरीक्षेतला निबंध: तयारी नेमकी कशाची करायची?

कोथरूडची_अनघा | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

लेक यंदा बारावीला आहे, वाणिज्य शाखा. सीए व्हायचं नाही म्हणते (घरात दोन सीए रोज बघते, त्यामुळे दोष देता येत नाही). तिला अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र असं एकत्र शिकायचंय. यादीत भारतातलं एक खासगी विद्यापीठ आहे आणि बाहेरची तीन-चार. भारतातल्या विद्यापीठात बहुपर्यायी प्रश्न संपले की जागेवरच अर्ध्या तासात निबंध लिहायचा असतो. विषय तिथेच कळतो. बाहेरच्यांसाठी टोफेल (इंग्रजीची परीक्षा) आणि एसएटी (अमेरिकन कॉलेजांची प्रवेशपरीक्षा). एसएटीतही निबंध असतो ना? रविवारी अप्पा बळवंत चौकात जाऊन एसएटी निबंधाचं जाडजूड जुनं पुस्तक दीडशे रुपयांत आणलं, घासाघीस करून.

अडचण अशी की पोरीला लिहिता येतं, पण तिचा निबंध वाचून झाल्यावर ती काय म्हणाली तेच आठवत नाही. दहावीला मराठीत आणि इंग्रजीत उत्तम गुण होते. त्यामुळे तिला वाटतं की आई उगाच खुसपट काढते.

क्लास लावावा का? एका ठिकाणी चौकशी केली, तर फी बऱ्यापैकी लॅपटॉपएवढी सांगितली. की घरच्या घरी जमेल?

शनिपारावर | सोमवार, रात्री १०:०५

रुमाल टाकून ठेवतो. धाकटा अकरावीत आहे.

न्यूजर्सीवाला_पुणेकर | सोमवार, रात्री ११:२०

अनघाताई, वाईट बातमी आधी. एसएटीत निबंध आता नाही. २००५ च्या मार्चमध्ये तो आला, २५ मिनिटांचा, सगळ्यांना सक्तीचा, आणि परीक्षा १६०० ऐवजी २४०० गुणांची झाली. २०१६ मध्ये परीक्षा पुन्हा १६०० वर आली, निबंध ऐच्छिक झाला, ५० मिनिटांचा, आणि त्याचं स्वरूपच पालटलं. स्वतःचं मत मांडायचं नाही, दिलेल्या उताऱ्यात लेखक वाचकाला कसं पटवतो ते उलगडून दाखवायचं. २०२१ च्या जूननंतर तोही बंद. (अमेरिकेतल्या काही राज्यांत शाळेतच होणाऱ्या परीक्षेत तो टिकलाय, पण त्याचा तुम्हाला उपयोग नाही.) पुस्तकावर कुठे २४०० दिसतंय का बघा.

आताच्या संगणकावरच्या एसएटीत 'वाचन आणि लेखन' नावाचा विभाग आहे, पण त्यातल्या लेखनात एक ओळसुद्धा लिहायची नसते. ६४ मिनिटांत ५४ प्रश्न, ३२-३२ मिनिटांचे दोन भाग, प्रत्येक प्रश्नाला छोटा उतारा आणि चार पर्याय. स्वल्पविराम कुठे, क्रियापद कोणतं, दोन वाक्यं कोणत्या शब्दाने जोडायची. ती तयारी व्याकरणाची आहे. अर्ध्या तासात निबंध लिहिण्याची तयारी निराळी. दोन्ही एका डब्यात भरू नका, दोन्हींना वास लागेल.

निबंध अजून उरलाय तो एसीटीत, म्हणजे एसएटीसारख्याच दुसऱ्या अमेरिकन परीक्षेत. तोही ऐच्छिक, ४० मिनिटांचा. एक विषय देतात आणि त्यावर तीन वेगवेगळी मतं छापलेली असतात. आपलं मत मांडायचं आणि त्या तिघांपैकी निदान एकाशी ते कुठे जुळतं, कुठे भिडतं, ते दाखवायचं. मुलगी एसीटी देणार नसली तरी सरावाला असे विषय झकास. नमुने त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात.

कोथरूडची_अनघा | सोमवार, रात्री ११:३२

अगंबाई. मुखपृष्ठावरच लिहिलंय, २४००.

उपाशी_विठोबा | मंगळवार, सकाळी ७:१०

दीडशेत पुराणवस्तू मिळाली म्हणा की. केळकर संग्रहालयाला देऊन टाका, अडकित्त्यांच्या शेजारी ठेवतील.

खडूस_मास्तर | मंगळवार, सकाळी ८:४५

३१ वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे हा गुन्हा अंशतः माझाच आहे, कबुली देतो.

आपल्या शालेय मराठीत निबंधाचे ठरलेले प्रकार: प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक. पहिल्या दोन्हींत पोरं खुलतात. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मकथन' लिहिताना एका पोराने पुस्तकाला रद्दीवाल्याच्या तराजूत बसवून, वजनकाट्यातली फसवणूक पुस्तकाच्या तोंडून सांगितली होती. मी वर्गात वाचून दाखवला. तोच पोरगा वैचारिक निबंधाला बसला की 'विज्ञान: शाप की वरदान'. आधी एक सुभाषित, मग वरदानाचे चार मुद्दे, मग शापाचे चार, मग 'नाण्याला दोन बाजू असतात', आणि शेवटी 'अति तेथे माती'. त्याला काय वाटतं, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. आम्हीही विचारलं नाही, कारण गठ्ठा तपासायचा होता आणि मुद्दे मोजणं सोपं असतं.

प्रवेशपरीक्षेतल्या निबंधाला नेमकं तेच हवं असतं: तुझं मत काय आणि का. समोरच्या बाजूचं म्हणणं माहीत आहे का, आणि माहीत असूनही तू तुझ्या मतावर का ठाम आहेस. बारावीच्या इंग्रजीत 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' म्हणून प्रकार आहे, तो याच्या जवळचा. पण पोरं तोही तक्त्यासारखा लिहितात, डावीकडे फायदे आणि उजवीकडे तोटे.

ताई, एक करा. तिचा एखादा निबंध इथे टाका. हवेत बोलण्यात अर्थ नाही.

पेनची_शाई | मंगळवार, सकाळी ९:३०

मास्तर, टिळकांनी १८९७ साली केसरीत 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' लिहिलं, ते बोर्डाच्या पद्धतीने लिहिलं असतं तर? 'सरकारच्या डोक्याला दोन बाजू असतात.'

शनिपारावर | मंगळवार, सकाळी ९:४१

हाहाहा. आणि शेवटी 'सरकारचा वापर जपून केला पाहिजे'.

कोथरूडची_अनघा | मंगळवार, रात्री ९:१५

न्यूजर्सीवाल्या दादांनी सांगितलेल्या नमुन्यांतलाच एक विषय दिला, वाढत्या यंत्रांबद्दलचा. मूळ इंग्रजीत आहे, मी ढोबळ मराठी करून टाकतेय, तिच्या परवानगीने (परवानगीसाठी एक पिझ्झा पडला).

'आजच्या आधुनिक युगात यंत्रे आपल्या जीवनाचा अविभाज्य घटक बनली आहेत. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपण यंत्रांवर अवलंबून असतो. यंत्रांमुळे वेळ वाचतो, परंतु त्यांमुळे बेरोजगारीही वाढते. थॉमस एडिसनने अथक प्रयत्नांनी दिव्याचा शोध लावला. तथापि, कोणत्याही गोष्टीचा अतिरेक वाईटच. म्हणून यंत्रांचा वापर आपण विवेकाने केला पाहिजे.'

मधले दोन परिच्छेद गाळलेत. खरं सांगायचं तर गाळलेले कळतही नाहीत.

खडूस_मास्तर | मंगळवार, रात्री ९:४०

शुद्धलेखन उत्तम. माझ्या वर्गात दहापैकी आठ मिळाले असते, हेच दुखणं आहे.

उपाशी_विठोबा | मंगळवार, रात्री ९:४४

एडिसन मध्येच का आला?

कोथरूडची_अनघा | मंगळवार, रात्री ९:५०

मीही तेच विचारलं. 'उदाहरण लागतं' म्हणाली.

पेनची_शाई | मंगळवार, रात्री ११:००

उदाहरण लागतं, हे बरोबर आहे. पण सगळ्यांचं तेच नको.

मी नव्वदच्या दशकात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटला पत्रकारितेसाठी लेखी परीक्षा दिली होती. विषय शहरी वाहतुकीबद्दलचा काहीतरी होता. माझ्या पुढे-मागे सगळे प्रदूषण, लोकसंख्या, शिस्तीचा अभाव असं उतरवत होते. मला त्या दिवशी डेक्कनला बस सोडून चालत यावं लागलं होतं, कारण बस आली ती थांब्याच्या वीस पावलं पुढे थांबली आणि एक आजी पळू शकल्या नाहीत म्हणून त्यांच्यासाठी मीही थांबले. तेच लिहिलं. बस थांब्यावर का थांबत नाही, या एका प्रश्नावरून पुढे गेले. निवड झाली. निबंधामुळेच झाली असं म्हणत नाही, पण मुलाखतीत पहिला प्रश्न त्या आजींचा होता.

तुमच्या लेकीला सांगा, एडिसन, गांधीजी आणि स्टीव्ह जॉब्स यांना सुट्टी दे. वाईट माणसं नव्हेत, पण तपासणाऱ्याच्या टेबलावर दिवसभर तेच तिघं येतात. पुण्यात राहून उदाहरणांचा दुष्काळ? विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल घ्या. वाहतूक सुटावी म्हणून बांधला आणि पंधराएक वर्षांतच, २०२० साली, पाडला. हा एकच पूल नियोजन, पैसा, चूक कबूल करणं आणि दूरदृष्टी अशा चार विषयांना पुरतो. स्वारगेट-कात्रजची बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) घ्या, २००६ ची, देशातला पहिला प्रयोग. स्त्रीशिक्षणावर विषय आला तर बुधवार पेठेतला भिडे वाडा, १८४८. हिंगण्याला कर्व्यांनी आश्रम काढला तो तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वेताळ टेकडीचा रस्ता घ्या, विकास की पर्यावरण हा विषय दर दोन परीक्षांआड येतोच.

अट एकच. त्यातलं जे तिने स्वतः पाहिलंय किंवा ज्यावर घरात भांडण झालंय तेच घ्यायचं. यादी पाठ करून गेली तर विद्यापीठाचा पूल म्हणजे नवा एडिसन.

टेकडीवरचा | बुधवार, सकाळी ६:२०

वेताळ टेकडीचा रस्ता 'विकास' कुठल्या अंगाने? २०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही हजारो माणसं मोर्चात चाललो ती उगाच नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता झाला तर पाच मिनिटं वाचतील आणि ती पाच मिनिटं पुढच्या सिग्नलला जातील. टेकडी परत मिळत नाही.

गुलटेकडी_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी ८:०५

रोज टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना विधी महाविद्यालय रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता गाडी घालायला सांगा, मग बोलू. तिथे राहणाऱ्यांच्या फुप्फुसांना पर्यावरण नाही का?

टेकडीवरचा | बुधवार, सकाळी ८:१२

रस्ता रुंद केला की गाड्या कमी होतात असं जगात कुठे झालंय, एक शहर सांगा.

गुलटेकडी_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी ८:२०

आणि बस वाढवा म्हणून ओरडत बसल्याने बस वाढल्यात असं पुण्यात कधी झालंय, एक मार्ग सांगा.

शनिपारावर | बुधवार, सकाळी ८:३१

चला, धागा टेकडीवर गेला. पॉपकॉर्न घ्या.

खडूस_मास्तर | बुधवार, सकाळी ९:१०

भांडू द्या हो. अनघाताई, वरचे चार प्रतिसाद मुलीला वाचायला द्या. दोघांनी भूमिका घेतली. दोघांनी समोरच्याच्या नेमक्या मुद्द्याला हात घातला. एकाने मोर्चा आणला, दुसऱ्याने संध्याकाळचे सात आणले. कोणीही 'आजच्या आधुनिक युगात' म्हणालं नाही. याच दोघांना हॉलतिकीट देऊन वर्गात बसवा, दोघेही नाण्याला दोन बाजू असतात असं लिहून येतील.

म्हणून माझी पद्धत: लिहायच्या आधी तोंडी. जेवताना विषय काढा, तिने एका वाक्यात मत सांगायचं, घरातल्या कोणीतरी मुद्दाम विरोध करायचा. दहा मिनिटं. मग ताट उचलायचं आणि लगेच लिहायला बसायचं. जे तोंडून निघालं तेच कागदावर.

वाघोलीकर | बुधवार, दुपारी १:३०

मी आयईएल्ट्सचे (टोफेलसारखीच इंग्रजीची परीक्षा) विद्यार्थी घेतो, म्हणून थोडी दुसरी बाजू (हो, नाण्याची). सगळ्यांचीच मुलं इथल्या सभासदांइतकी बोलघेवडी नसतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना इंग्रजीत चार वाक्यं सलग लिहायची धास्ती असते. त्यांना साचा लागतो. पहिल्या परिच्छेदात मत, पुढच्या दोन परिच्छेदांत एकेक कारण उदाहरणासह, मग विरोधी मुद्दा आणि त्याचं उत्तर, मग दोन ओळींत शेवट. हे शिकवणं म्हणजे पाप नव्हे.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी: आयईएल्ट्समध्ये लेखनाला एक तास. पहिल्या प्रश्नाला साधारण २० मिनिटं आणि किमान १५० शब्द, दुसऱ्याला ४० मिनिटं आणि किमान २५० शब्द. दुसऱ्याचं वजन दुप्पट. तरी पोरं पहिल्या प्रश्नातल्या आलेखात अर्धा तास रमतात.

निमा_०७ | बुधवार, दुपारी ४:१५

काका, साचा वेगळा आणि पाठांतर वेगळं. मी मागच्या वर्षी असाच जागेवरचा निबंध देऊन आलेय, आता दुसऱ्या शहरात शिकतेय. त्याआधी पुण्यातल्या एका क्लासला गेले होते. तिथे आम्हा सगळ्यांना सुरुवातीची एकच दोन वाक्यं दिली होती, 'आजच्या धावत्या जगात' छापाची, कुठल्याही विषयाला चिकटणारी. सराव परीक्षेत सगळ्यांचे पहिले दोन परिच्छेद सारखे. सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तिसऱ्या महिन्यात सोडला, फी परत मिळाली नाही, बाबा अजून ऐकवतात.

वाघोलीकर | बुधवार, दुपारी ४:४०

हे मान्य. आयईएल्ट्सचे परीक्षकही पाठ केलेली भाषा ओळखतात आणि तिचे गुण कापतात. मी सांगाडा देतो, मांस ज्याचं त्याने आणायचं.

निमा_०७ | बुधवार, संध्याकाळी ५:०२

मग आपलं भांडण मिटलं. :)

अनघाकाकू, मला काय उपयोगी पडलं ते सांगते. अर्ध्या तासातली पहिली पाच मिनिटं काहीच लिहायचं नाही. कच्च्या कागदावर मत एका वाक्यात, दोन कारणं, एक उदाहरण, एक विरोधी मुद्दा. पहिल्यांदा हे करताना जीव जातो, कारण शेजारचा धडाधड लिहीत असतो. मग वीस मिनिटं लिहायचं. शेवटची पाच मिनिटं वाचायला राखायची, आणि वाचताना काहीतरी कापायचंच. माझं बहुतेक वेळा पहिलंच वाक्य उडायचं, दुसऱ्यापासून निबंध खरा सुरू व्हायचा.

दुसरं, परीक्षा हाताने लिहायची आहे की टाइप करून ते आत्ताच बघा. मला वाटायचं मी फास्ट टाइप करते, पण ते मोबाइलवर दोन अंगठ्यांनी. कळफलकावर पहिल्या सरावात अर्ध्या तासात दीडशे शब्दही झाले नव्हते. आणि सरावाला साधं नोटपॅड वापरायचं. शब्द आपोआप दुरुस्त होण्याची इतकी सवय असते की स्वतःचं स्पेलिंग किती कच्चं आहे ते कळतच नाही.

कोडगा_कोडर | बुधवार, रात्री १०:३०

एवढी चर्चा कशाला? चॅटजीपीटीला निबंध द्या, गुण दे म्हणा, सुधारून दे म्हणा. क्लासही नको आणि मास्तरही नको.

न्यूजर्सीवाला_पुणेकर | बुधवार, रात्री ११:४५

गुण देणाऱ्या यंत्राबद्दल एक किस्सा. किस्सा म्हणजे घडलेलं. एमआयटीत लेस पेरेलमन नावाचे लेखनाचे प्राध्यापक होते. २००५ साली एसएटीचा निबंध नवा असताना त्यांनी प्रसिद्ध झालेले नमुना निबंध आणि त्यांचे गुण ताडून पाहिले. निष्कर्ष असा की निबंध जितका लांब तितके गुण जास्त. तपशील चुकीचा असला तरी गुण कापायचे नाहीत, अशीही सूचना परीक्षकांना होती. म्हणजे कुठल्याही युद्धाचं साल ठोकून दिलं तरी चालत होतं, फक्त पान भरलं पाहिजे. हे वाचून मास्तरांना घरच्यासारखं वाटेल.

पुढे २०१४ मध्ये त्यांनी काही विद्यार्थ्यांबरोबर 'बॅबेल' नावाचा प्रोग्रॅम केला. त्याला दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त, पण संपूर्ण निरर्थक निबंध तयार करून देई, आणि आपोआप तपासणारी यंत्रं त्याला चांगले गुण देत.

ते जुनं तंत्र होतं आणि आताची साधनं पुष्कळ पुढची आहेत, हे मान्य. स्पेलिंग, व्याकरण, एकच शब्द किती वेळा आला, यासाठी जरूर वापरा. पण 'सुधारून दे' म्हणाल तर तो मुलीचा निबंध इतका गुळगुळीत करेल की तिचा उरणार नाही. आणि परीक्षेत तो शेजारी बसणार नाही.

कोडगा_कोडर | बुधवार, रात्री ११:५२

'सुधारून दे' मागे घेतो. गुण मात्र मास्तरांपेक्षा सढळ देतो, तेवढं बरं वाटतं.

चित्रमय_चिन्मय | गुरुवार, सकाळी ११:२०

थोडं अवांतर. मी एफटीआयआयची (पुण्यातली चित्रपट संस्था) जेईटी ही प्रवेशपरीक्षा दिलीय (झालं नाही, दोनदा). तिथेही तेव्हा बहुपर्यायी भागाशिवाय वर्णनात्मक लेखन असायचं. दुसऱ्या वेळी तयारी म्हणून रोज एक पान लिहायचो, प्रभात रस्त्यावरच्या कट्ट्यावर बसून जे दिसेल ते. मत नाही, उपमा नाहीत. कुत्रं कुठून आलं, कुणाकडे बघितलं, कुठे बसलं. महिनाभराने लक्षात आलं की मला 'सुंदर', 'विलक्षण', 'अविस्मरणीय' हे शब्द लागेनासे झालेत. ती परीक्षा गेली, पण आत्ता जाहिरातींच्या कामात हीच सवय पोट भरते. लेकीला टेकडी-रस्ता झेपत नसेल तर आधी हे करून बघू दे.

पेनची_शाई | गुरुवार, दुपारी १२:१०

कुत्रं शेवटी कुणाकडे गेलं?

चित्रमय_चिन्मय | गुरुवार, दुपारी १२:१४

वडापाववाल्याकडे. चोखंदळ होतं.

शनिपारावर | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

टोफेलबद्दल कोणी बोललंच नाही. अनघाताईंच्या यादीत आहे ना?

निमा_०७ | गुरुवार, संध्याकाळी ७:१५

ते सांगायचं राहिलंच आणि ते फार गमतीचं आहे. पूर्वी टोफेलला ३० मिनिटांचा स्वतंत्र निबंध असायचा. २०२३ च्या जुलैत तो काढला आणि त्या जागी १० मिनिटांचं चर्चालेखन आणलं. पडद्यावर प्राध्यापक एक प्रश्न विचारतात, दोन विद्यार्थ्यांनी आपापलं मत लिहिलेलं असतं, आणि त्याखाली आपण निदान शंभर शब्दांत आपलं म्हणणं जोडायचं. स्वरूप बदलत राहतं, त्यामुळे अर्ज भरताना त्यांच्या संकेतस्थळावर ताजं काय आहे ते बघून घ्यावं.

उपाशी_विठोबा | गुरुवार, संध्याकाळी ७:२१

थांबा, थांबा. कोणीतरी प्रश्न विचारतो, दोघांनी आधी मत दिलंय, खाली आपण आपलं ठोकायचं. म्हणजे धाग्यावर प्रतिसाद देण्याची परीक्षा? आणि त्याला पैसे भरतात?

शनिपारावर | गुरुवार, संध्याकाळी ७:२४

मी पंधरा वर्षं विनामूल्य देतोय.

गुलटेकडी_एक्सप्रेस | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

टेकडीवरचा नापास. शंभर शब्दांत थांबणार नाही.

टेकडीवरचा | गुरुवार, संध्याकाळी ७:३३

तुम्ही आधी प्राध्यापकाशी भांडाल.

वाघोलीकर | गुरुवार, रात्री ८:५०

हसू नका, पोरं यातच अडकतात. 'मी पहिल्याशी सहमत आहे' म्हणतात आणि पहिल्याचंच म्हणणं वेगळ्या शब्दांत परत लिहितात. गुण नव्या मुद्द्याला असतात. इथे जो '+१' म्हणून निघून जातो, त्याचे तिथे बारा वाजतात.

शनिपारावर | गुरुवार, रात्री ८:५५

+१

कोथरूडची_अनघा | रविवार (दोन आठवड्यांनी), रात्री १०:१०

बारावीच्या सराव परीक्षा सुरू होत्या म्हणून उशीर. सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवलीय.

क्लास लावला नाही. मास्तरांची जेवणाच्या टेबलाची पद्धत चालू केली. पहिले दोन दिवस 'आई, तू मुद्दाम करतेयस' म्हणून चिडचिड. तिसऱ्या दिवशी आजोबा विरोधी पक्षात बसले आणि रंगत आली. ते कुठल्याही विषयावर आणीबाणीपर्यंत जातात, त्यामुळे पोरीला मुद्दा परत जागेवर आणायची सवय लागतेय.

यंत्रांचा विषय तिला परवा पुन्हा दिला. नोटपॅडवर, अर्धा तास लावून. सुरुवातीचा भाग टाकते, भाषांतर माझं:

'वनाझ स्थानकावर मेट्रोचं तिकीट देणारं यंत्र आहे. मागच्या शनिवारी माझ्या आजोबांना तिकीट काढायचं होतं, तर त्या यंत्राशेजारी एक मुलगी उभी होती आणि ती सगळ्या म्हाताऱ्या माणसांसाठी बटणं दाबत होती. यंत्राने माणसाचं काम काढून घेतलं, असं मी म्हणणार नाही. त्याने तिचं काम बदललं: आधी ती खुर्चीत बसून तिकीट देत असती, आता उभी राहून यंत्र समजावते. हा बदल चांगला की वाईट, हे मला तिच्याकडे खुर्ची आहे की नाही यावरून ठरवावंसं वाटतं.'

पुढे जरा घसरलाय आणि शेवट घाईत उरकलाय, पण हे वाचून मी गप्प बसले. तिलाही कळलं असावं, कारण पिझ्झा मागितला नाही.

खडूस_मास्तर | रविवार, रात्री १०:४०

खुर्चीपाशी मी चष्मा काढला. शेवट उरकू नये म्हणून एक युक्ती: पाच मिनिटांच्या आखणीतच शेवटचं वाक्य लिहून ठेवायला सांगा. लिहिता लिहिता बदललं तरी चालेल. 'ती खुर्चीत बसून तिकीट देत असती' हे मात्र तिचं गृहीत आहे, तिला विचारलं नव्हतं ना? मग 'कदाचित' घालायचं.

पेनची_शाई | रविवार, रात्री १०:५२

मुलाखतीत पहिला प्रश्न खुर्चीचा येणार, लिहून ठेवा. परत वनाझला जाऊन खुर्ची होती का ते बघून यायला सांगा.

कोथरूडची_अनघा | रविवार, रात्री ११:०५

जाऊन आली. स्टूल आहे, पण त्यावर पिशवी ठेवलेली असते म्हणे.

एक सांगायचं राहिलं. तिच्याबरोबर मीही घड्याळ लावून एक निबंध लिहिला, निमाने सांगितलं तसा, पाच-वीस-पाच. लेकीने तपासला. सहापैकी तीन. शेरा: 'नाण्याला दोन बाजू असतात हे तू दोनदा लिहिलं आहेस.'

भाग्यश्री_वारजे | सोमवार, दुपारी ३:२०

नमस्कार, धागा छान आहे. वेळेअभावी सगळा वाचला नाही. ते एसएटी निबंधाचं पुस्तक वापरून झालं असेल तर विकायचंय का? भाच्याला हवंय, शंभरपर्यंत देऊ शकते.

उपाशी_विठोबा | सोमवार, दुपारी ३:२२

अनघाताई, एक शब्द बोलू नका. सव्वाशे सांगा.